पॅप टेस्टचा रिपोर्ट ॲबनॉर्मल आला तर काय करायचं

पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी. माझा रिपोर्ट आला तेव्हा तो घडी घालून ज्वारीच्या डब्याखाली ठेवला होता मी, सासूबाईंना दिसू नये म्हणून, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तुम्ही तसं करू नका गं. आधी रिपोर्टवरचा शब्द नीट वाचा. ॲबनॉर्मल म्हणजे कॅन्सरच असं नाही, पेशींमध्ये बदल दिसलाय एवढंच. ॲस्कस (ASC-US) किंवा एलसिल (LSIL) लिहिलं असेल तर बदल हलका असतो, बऱ्याचदा एचपीव्ही (HPV) नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि तो व्हायरस बहुतेक बायकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो, म्हणून डॉक्टर कधी कधी वर्षभराने परत या म्हणतात, ते टाळायचं म्हणून नाही. एचसिल (HSIL), म्हणजे बदल जास्त असेल तर मात्र लग्नसराई, केळीची कापणी काही बघायचं नाही, कॉल्पोस्कोपी लवकर करून घ्यायची. त्यात व्हिनेगरसारखं औषध लावून गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघतात, थोडं झोंबतं, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला घेतात.

डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा, कागदावर लिहून न्या: ग्रेड काय, पुढची टेस्ट कोणती, कोणत्या तारखेला. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. आणि एका माणसाला तरी सांगा. मी बहिणीला सांगितलं, ती भुसावळहून पहिल्या गाडीने आली. मध्येच रक्त गेलं, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर, तर तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. खर्चाची काळजी असेल तर जळगाव, धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा.