घरात फुलवा वटवाघूळ-फूल

काळपट जांभळ्या रंगाचे, वटवाघळाने पंख पसरावेत तसे दिसणारे आणि खाली लांबच लांब मिशा सोडणारे टक्का शांत्रिएरी या वनस्पतीचे फूल एकदा जवळून पाहिले की ते घरी लावल्यावाचून राहवत नाही. मात्र हे रोप बहुधा पाण्यावाचून मरत नाही, कुंडीत साचलेल्या पाण्याने मरते, हे लागवडीआधीच ध्यानात ठेवावे.

कोनफळाच्या कुळातली ही वनस्पती आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनमधील जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. तेथे पालापाचोळा कुजून तयार झालेल्या भुसभुशीत थरातून पाणी निचरून जाते, हवा मात्र दमट राहते. घरात नेमके हेच साधायचे असते. त्यासाठी झाडाच्या सालीचे बारीक तुकडे दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे) एक भाग असे मिश्रण घ्यावे. नुसती बागेतली माती घट्ट बसते, म्हणून ती टाळावी. कुंडी गड्ड्याच्या मानाने फार मोठी नसावी.

वरचा थर बोटाच्या पेराएवढा सुकल्यावरच, तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकावे. कुंडी रोज उचलून पाहिली, तर काही दिवसांतच वजनावरून ओल कळू लागते. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. मुळे कुजलेल्या रोपाची पाने तहानलेल्या रोपासारखीच मलूल पडतात, त्यामुळे आपण आणखी पाणी घालतो आणि रोप हातचे जाते. अशा वेळी कुंडी ओली असूनही पाने लवली असतील, तर रोप अलगद बाहेर काढावे. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेले मूळ दाबताच त्याची साल सुटते आणि मधला दोरा तेवढा हाती राहतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून रोप ताज्या मिश्रणात, लहान कुंडीत लावावे.

उजेड भरपूर पण पडद्याआडचा हवा, कारण थेट उन्हाने पाने करपतात. तापमान 18 ते 28 अंश सेल्सिअस असावे. ते 15 च्या खाली जाऊ देऊ नये. हवेतील आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिलेली बरी. पानांवर पाणी फवारल्याने ती थोडाच वेळ वाढते, त्यापेक्षा चार कुंड्या एकत्र ठेवणे किंवा आर्द्रता वाढवणारे यंत्र वापरणे चांगले. वाढीच्या काळात दर पंधरवड्याला द्रवखत अर्ध्या मात्रेत द्यावे, थंडीत बंद ठेवावे.

फुलाचे ‘पंख’ म्हणजे वास्तविक छदे, म्हणजे रूपांतरित पाने होत. खरी फुले त्यांच्याखाली झुबक्याने लोंबतात आणि त्यांच्यामधून निघालेल्या मिशा 30 सेंटिमीटरपर्यंत लांबतात. एवढा थाट असूनही या फुलांत बहुतांशी स्वपरागणच होते, त्यामुळे घरात कीटक नसले तरी बी धरू शकते. बी ताजेच पेरावे. ते रुजायला काही महिनेही लागतात, म्हणून नवशिक्याने गड्डा विभागून रोपे करावीत. प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा राहील असे कापावे, कापलेली बाजू दिवसभर सुकू द्यावी आणि नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास तो तुकडा पृष्ठभागालगतच लावावा.