बँडच्या दोन सेटमधली वीस मिनिटं: स्विंगच्या रात्री डीजेचं काम

फुंकून वाजवणाऱ्यांच्या ओठांना विश्रांती लागते, त्यामुळे स्विंगच्या, म्हणजे तीस-चाळीसच्या दशकातल्या नाचायच्या जॅझच्या, रात्री पाऊण तास, तासाभरानं बँड मंचावरून उतरतोच. नाचणारे मात्र थांबायला तयार नसतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सेव्हॉय बॉलरूममध्ये (१९२६ ते १९५८) याच कारणानं दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू व्हायचा. आज त्या दुसऱ्या मंचाचं काम डीजेकडे येतं. पण एक फरक आहे: रात्र बँडची असते. फ्लोअर रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि बँड परत आल्यावर तो लोकांना हवाहवासा वाटायला हवा. गाण्यांची निवड, आवाजाची पातळी आणि वेळ या तिन्ही गोष्टी त्यावरून ठरवा.

आधी बोलून घ्या

साउंड चेकच्या (कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेण्याच्या) वेळी बँडलीडरला गाठा. सेट (सलग वाजवण्याचे टप्पे) किती मिनिटांचे, ब्रेक किती वेळाचा, ब्रेकमध्ये घोषणा किंवा वाढदिवसाचा नाच आहे का, हे विचारा. गाण्यांची यादी मागून घ्या आणि त्यातलं एकही गाणं तुमच्याकडून वाजणार नाही याची खात्री करा. स्विंगमध्ये सगळे बँड ठरावीक गाजलेल्या चाली वाजवतात. तुम्ही ब्रेकमध्ये एखाद्या चालीचं मूळ रेकॉर्डिंग लावलंत आणि दहा मिनिटांनी बँडनं तीच चाल घेतली, तर तुलना वादकांना जड जाते. पुढच्या सेटचं पहिलं गाणं कोणत्या लयीत आहे, हेही आत्ताच विचारा. नंतर ते उपयोगी पडतं.

जोडणी

लॅपटॉप, हेडफोन आणि मुख्य आउटपुट वेगळं देणारा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, आणि स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) एवढं पुरतं. गाणी लॅपटॉपच्या डिस्कवरच ठेवा. स्ट्रीमिंगवर विसंबू नका. वायफाय, नोटिफिकेशन, स्क्रीन स्लीप आणि सॉफ्टवेअरमधलं क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं मिसळणं) बंद करा. फोनवर तासाभराची गाणी आणि तो जोडायची केबल तयार ठेवा.

एक चूक नीट समजून घ्यायला हवी, कारण ती स्विंगच्या डीजेलाच सर्वांत जास्त नडते. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून एकच स्टिरिओ केबल काढून ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली, तर मिक्सर डाव्या आवाजातून उजवा वजा करतो. तीस आणि चाळीसच्या दशकातली रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. वजाबाकी होऊन गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि नुसती खरखर उरते. एका टोकाला स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक असलेली केबल घ्या, ती डीआय बॉक्समध्ये घाला आणि तिथून मिक्सरच्या दोन चॅनलमध्ये जा.

स्टिरिओ रेकॉर्डिंगची अडचण उलटी आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून पुढच्या काही रेकॉर्डिंगमध्ये ड्रम एका बाजूला आणि ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोन) दुसऱ्या बाजूला असतं. हॉलच्या दोन टोकांना स्पीकर असतील तर अर्ध्या फ्लोअरला ठेकाच ऐकू येत नाही. साउंड इंजिनिअरला दोन्ही चॅनल मध्यभागी पॅन करायला, म्हणजे दोन्ही स्पीकरना सारखेच द्यायला, सांगा.

त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. गायकाच्या माइकसाठी लावलेला लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) आणि रिव्हर्ब (घुमारा) तुमच्या चॅनलवर नको. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बास आधीच कमी असतो, तो कापला की डबल बासची चाल नाहीशी होते, आणि नाचणारे तर त्याच चालीवर पाय टाकतात. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर दोष अर्थिंगचा. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

आवाजाची पातळी

तुमच्याकडचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं आणि सगळ्यात हळू आवाजाचं, अशी दोन्ही रेकॉर्डिंग साउंड चेकला वाजवून पाहा. आजच्या बँडांची रेकॉर्डिंग आणि १९३६ सालची तबकडी यांच्यातला फरक इतका असतो, की प्रत्येक गाण्याचा गेन (मूळ पातळी) आधीच कानानं जुळवून ठेवावा लागतो. जुनी रेकॉर्डिंग नुसता आवाज चढवून भरदार होत नाहीत, कर्कश होतात. अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल कमी करा, मग आवाज वाढवा. हॉल रिकामा असताना आवाज जास्त धारदार वाटतो. माणसं भरली की वरचे सूर अंगाकपड्यांत शोषले जातात, म्हणून पहिलं गाणं चालू असताना फ्लोअरच्या मागच्या टोकापर्यंत चालत जाऊन ऐका.

पातळी बँडपेक्षा थोडी खाली ठेवा, पण ठेका मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट पोचायला हवा. कानांना विसावा मिळतो, बाजूला पाणी पिणाऱ्यांना बोलता येतं, आणि बँड परतला की त्याचा आवाज मोठा वाटतो.

काय वाजवायचं

७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, त्यामुळे त्या काळातली गाणी तेवढीच आहेत. वीस मिनिटांच्या ब्रेकला सहा-सात गाणी लागतात. बारा तयार ठेवा. पाच मिनिटांच्या वरची लाइव्ह रेकॉर्डिंग टाळा. स्विंगमध्ये बहुधा दर गाण्याला जोडीदार बदलतो, आणि अनोळखी माणसाबरोबर सात मिनिटं नाचणं नवशिक्याला फार होतं.

लय बीपीएममध्ये (मिनिटाला किती ठोके) लिहून ठेवा, पण सॉफ्टवेअरच्या आकड्यावर भरवसा नको. ते १९० च्या गाण्याला सर्रास ९५ म्हणतं. स्वतः १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. तेही गाण्याच्या मधल्या भागात, कारण हाडामांसाचे वादक शेवटाकडे लय चढवतात. त्याच कारणानं इथे बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकात एक मिसळणं) चालत नाही. गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पूर्ण वाजतं, मग दोन-तीन सेकंदांची शांतता. त्या शांततेत लोक एकमेकांना धन्यवाद देतात आणि नवा जोडीदार शोधतात. ती भरून काढू नका.

लिंडी हॉपसाठी (स्विंगवरचा मुख्य जोडीनाच) १२० ते १४० आरामशीर, १४० ते १७५ रोजची, २०० च्या पुढे मोजके जण टिकतात. बँड बहुतेक वेळा सेट द्रुत गाण्यावर संपवतो आणि सगळे धापा टाकत असतात. म्हणून पहिलं गाणं १३० ते १४५ च्या आसपासचं, ओळखीचं आणि पहिल्या दोन मात्रांतच ठेका लागणारं असावं. लांब पियानोचा आलाप असलेलं गाणं इथे लावलं तर लोक खुर्च्यांकडे वळतात. पुढे हळूहळू १६०-१८० पर्यंत चढा, एकदा उतरा, पुन्हा चढा. बँडनं संपूर्ण सेटमध्ये बॅल्बोआवाल्यांना (जवळ धरून, छोट्या पावलांनी द्रुत लयीत नाचणाऱ्यांना) काही दिलं नसेल तर २०० च्या आसपासचं एक गाणं त्यांना द्या. बँडनं विलंबित ब्लूज टाळले असतील तर तेही एक द्या.

बँडचा आकारही पाहा. मंचावर पाच जण असतील तर तेरा-चौदा वादकांच्या ऑर्केस्ट्राची गर्जना ब्रेकच्या शेवटी लावू नका. नंतर ते पाच जण पोकळ वाटतील. तिथे फॅट्स वॉलरचा छोटा संच, बेनी गुडमनचे क्वार्टेट-सेक्स्टेट, टेडी विल्सनबरोबरची बिली हॉलिडे असं काही घ्या. मोठी गाणी हवीतच तर ब्रेकच्या मध्यावर वाजवा. मंचावर पूर्ण बिग बँड असेल तरी छोटे संच उत्तमच. कानाला बदल मिळतो.

सुरुवात आणि शेवट

बँडचा शेवटचा सूर थांबला की लगेच प्ले दाबू नका. टाळ्या वादकांच्या आहेत. बँडलीडर नावं घेत असेल, तर त्यानं माइक खाली ठेवेपर्यंत थांबा. टाळ्या ओसरू लागल्या की सुरू करा. दहा सेकंदांपेक्षा जास्त शांतता राहिली तर मात्र फ्लोअर मोकळा होतो.

ब्रेक संपायला सात मिनिटं असताना बँडलीडरला शोधून नजर द्या, आणि दोन बोटं दाखवा: अजून दोन गाणी. वादक जागेवर बसेपर्यंत शेवटचं गाणं चालू राहायला हवं, पण त्यांना फार थांबावं लागू नये, म्हणून ते पावणेतीन मिनिटांच्या आतलं निवडा. नाचणाऱ्यांच्या पायाखालचं गाणं अर्धवट तोडणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपराध आहे. वादक लवकर आले तर ते तीन मिनिटं थांबू शकतात. उशीर झाला तर राखीव पाच गाणी आहेतच. शेवटच्या गाण्याची लय बँडच्या पहिल्या गाण्याशी ताडून पाहा: त्यांचं १७० चं असेल तर तुमचं १४०-१५० चं ठेवा. तुम्ही २२० वर संपवलंत तर बँडचं पहिलं गाणं दमलेल्या, बसलेल्या लोकांसमोर जाईल.

गाणं संपताच तुमचे दोन्ही चॅनल म्यूट करून घ्या. मग बँड काय वाजवतो ते ऐका आणि ऐनवेळी यादीबाहेरचं काही घेतलं असेल, तर तुमच्या पुढच्या ब्रेकच्या यादीतून ते काढून टाका.