'अचानक समोर आला' म्हणण्याआधी: या चुका टाळा

"सर, तो अचानक आला हो!" गाडी शिकवायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. पायी चालणारा माणूस अचानक कसा येईल? तो चालतच आलेला असतो.

बहुतेक वेळा तो ए-पिलरमागे असतो, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेच्या खांबामागे. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून हे खांब हल्ली चांगलेच जाड केलेत. आत बसलेल्यांची सोय, बाहेरच्याची पंचाईत. त्यात वळताना गाडी आणि माणूस असे काही जोडीनं सरकतात की तो खांबाआडून बाहेर येतच नाही.

माझा एक शिकाऊ मुलगा. चौकात थांबला, दोन्हीकडे मान फिरवली, क्लच सोडला. शेजारच्या सीटवरून मला झेब्रा क्रॉसिंगवर छत्रीवाल्या आजी स्पष्ट दिसत होत्या. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. बोनेट आणि छत्रीत वीतभर अंतर उरलं. पोरगा पांढराफटक: "सर, आजी नव्हत्याच तिथे!" खोटं बोलत नव्हता. नंतर मोकळ्या मैदानात त्याला सीटवर बसवलं आणि मी स्वतः त्या जागी उभा राहिलो. "दिसतोय?" "नाही." "आता पुढे वाक." "अरे, दिसलात!" तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: वळायच्या आधी कंबरेतून पुढे-मागे झुला. लोक हसले तर हसू देत.

फोनचा स्टँड काचेच्या मधोमध लावू नका. आणखी एक खांब कशाला?

शेजारच्या लेनमधली गाडी झेब्रापाशी थांबली की तुम्हीही थांबा. ती उगाच थांबलेली नाही.

चालत्या गाडीत स्क्रीनवर गाणं शोधू नका. ताशी 50 किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी 28 मीटर जाते, तीही आंधळी.

उंच गाडी घेतलीत की 'वरून सगळं दिसतं' म्हणता. लांबचं दिसतं, बोनेटला चिकटून उभं असलेलं पोर नाही. आणि सपाट, उंच नाकाची धडक पायांऐवजी थेट छातीला किंवा डोक्याला बसते.

"रिव्हर्स कॅमेरा आहे ना!" हे म्हणणाऱ्यांना मी आधी खाली उतरवतो. गाडीभोवती एक चक्कर मारायची, मग कॅमेऱ्याची काच पुसायची. निम्म्या वेळा रुमाल काळा होतो.