आत्याकडे जाताना कापूस न्या

भेटीला निघताना फळांच्या आधी पिशवीत कापूस टाका. माझी आत्या पुण्याबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात असते. विसरण्याचा आजार आहे, नावं आठवत नाहीत; पण कापूस हातात आला की बोटं फुलवाती वळायला लागतात. मीही शेजारी बसून वळते. माझ्या वाती बघून ती अजूनही नाक मुरडते आणि तिथून गप्पा सुरू होतात. तुमच्या माणसाचा हात कशात बसलेला आहे ते आठवा: मेथी निवडणं, शेंगा सोलणं, बदामसात. नुसतं समोर बसलं की ‘जेवलीस का, झोप लागली का’ यापुढे गाडी जात नाही.

जायचं सकाळी, अंघोळ-नाश्ता आटोपल्यावर. या आजारात दिवस कलताना बरेच जण बावरतात, ‘मला घरी ने’ सुरू होतं.

‘ओळखलंस का मला?’ हे कधीच विचारू नका. ती काय तोंडी परीक्षा आहे? ‘आत्या, मी दादांची धाकटी’ असं आपणच सांगून टाकायचं. टीव्ही बंद करून, तोंडासमोर बसून, खालच्या पट्टीत सावकाश बोलायचं. म्हातारपणी आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किंचाळण्याचा उपयोग नाही. श्रवणयंत्र कानात आहे का, त्याचा सेल चालू आहे का, हे मात्र आधी बघा.

ती ‘हे आले का गं?’ विचारते. काकांना जाऊन वर्षं झाली. दर वेळी ती बातमी नव्यानं देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ‘त्यांना खेकडा भजी किती लागायची गं?’ म्हटलं की ती खुलते.

खाऊ सिस्टरना विचारूनच द्या. गिळायला त्रास असेल तर चिवडा, चिक्की श्वासनलिकेत जाऊ शकते. साखरेचंही असतंच.

माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर टाचा आणि माकडहाड बघून घ्या. बोटानं दाबूनही लाली जात नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथं आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का, ते हात लावून बघा. आणि लगेच सांगा, पण मावशींवर न खेकसता. तुम्ही गेल्यावर कूस त्याच बदलणार आहेत.

भिंतीवर कालनिर्णय लावा आणि पुढच्या भेटीच्या तारखेला मोठा गोल करून ठेवा. आत्याला तो वाचता येत नाही, पण मावशी रोज दाखवतात.

निघायची वेळ जेवणाशी जुळवा. ताट आलं, वरणभात कालवला, पहिला घास तिच्या हातात दिला, की उठायचं. दारात रेंगाळून चार-चार वेळा निरोप घेतलात तर तीही चपला शोधायला लागेल.