क्लबच्या जेवण-बैठकीसाठी हॉटेल शोधताय? सोलापुरात या चुका टाळा

महिन्याला पंचवीस-तीस सभासद जमायचे, एखादा पाहुणा बोलणार, हिशेब वाचला जाणार आणि मग जेवण. अशा बैठकीचं हॉटेल ठरवताना सगळी चर्चा ताटावर होते. मटण कुठलं झणझणीत, कडक भाकरी मिळते का, शेंगा चटणीवर दही देतात की तेल. चवीच्या बाबतीत सोलापूरकर सहसा फसत नाही. तो फसतो आवाजात.

दुपारी जाऊन हॉल बघणं

दुपारी चारला कुठलाही हॉल शांतच असतो. बैठक शनिवारी रात्री आठला असेल तर शनिवारी रात्री आठलाच जा. शेवटच्या खुर्चीवर बसा आणि सोबत्याला पुढे उभं राहून माइकशिवाय बोलायला सांगा. शब्द कळले नाहीत तर तो हॉल सोडून द्या, बिर्याणी कितीही चांगली असो. दोन हॉलमध्ये भिंत आहे की सरकतं पार्टिशन, हे हात लावून बघा. पार्टिशनपलीकडे वाढदिवस असला की पाहुण्याचं भाषण केकबरोबरच कापलं जातं. गाण्यांचा स्पीकर फक्त तुमच्या हॉलपुरता बंद होतो का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी सगळ्या हॉटेलला एकच अँप्लिफायर असतो, मग मॅनेजर ‘कमी करतो साहेब’ म्हणतो आणि दहा मिनिटांत गाणी परत चढतात.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक प्रश्न विचारा. लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो, की नुसते दिवे-पंखे? सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये एसीविना कुणी हिशेब ऐकत नाही.

टेबलं एका लांब रांगेत मांडली की त्या टोकाची वेगळी बैठक सुरू होते. तीन बाजूंनी मांडायला सांगा.

‘चाळीस धरा’ म्हणून मोकळं होणं

हॉटेलवाला गॅरंटी विचारतो, म्हणजे किमान किती ताटांचे पैसे नक्की देणार. अध्यक्ष उत्साहात चाळीस सांगतात, येतात सव्वीस आणि बिल चाळीस ताटांचं होतं. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. नाव लिहून ‘येतो’ म्हणणाराच मोजा, गॅरंटी त्याहून थोडी कमी द्या आणि ऐन वेळी वरची चार-पाच ताटं निघतील का ते आधीच ठरवून घ्या.

कॅलेंडर न बघणं

संकष्टीला उपवासवाले चंद्रोदयाची वाट बघत बसतात, तोवर बाकीच्यांचं जेवण उरकलेलं असतं. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी मांसाहारी बेत ठेवला तर अर्धे सभासद गळतात. जैन आणि माळकरी सभासदांसाठी कांदा-लसणाविना भाजी होईल का, हे मॅनेजरला न विचारता थेट आचाऱ्याला विचारा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर किंवा होम मैदानाजवळ त्या दिवसांत बैठक ठेवू नका, सभासद पोहोचणारच नाहीत. हुरड्याच्या दिवसांत बैठक शेतावर न्यायची सूचना येतेच. जरूर न्या, फक्त अजेंडा घरी ठेवा.

जागा आणि वाट

नवी पेठेतलं हॉटेल सगळ्यांच्या ओळखीचं, पण चारचाकी लावायची कुठे? निम्मे सभासद जुळे सोलापूरचे असतील तर पुणे नाका त्यांना दुसरं टोक पडतं. आणि महिला सभासद असतील तर हॉलची वाट परमिट रूममधून जात नाही ना, एवढं डोळ्यांनी बघून या.

बिल हाती आल्यावर

साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी 5 टक्के असतो. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतलं) हॉटेल ग्राहकाकडून तो वेगळा घेऊ शकत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं सांगितलंय. बिलात दिसला तर काढायला सांगा, भांडायची गरज नाही.

तरीही बिघडलंच तर

हॉल दुसऱ्यालाच दिला, ही नेहमीची तक्रार. अॅडव्हान्सच्या पावतीवर हॉलचं नाव आणि ‘किती ते किती’ अशी वेळ लिहून घ्या, आदल्या दिवशी कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला, फोन करा. पाहुणा लांबला तर मऊ भाकरी वातड होते, कडक भाकरीला काही होत नाही. म्हणून ताटं आणायची खूण एकाच सभासदाने करायची असं ठरवा, नाहीतर आभारप्रदर्शनाच्या मधोमध रस्सा येतो.