कधीतरीच जड होणाऱ्या स्टिअरिंगचा बिघाड कसा पकडायचा

"कधीकधी होतं" एवढं सांगून गिऱ्हाईक चावी देऊन जातं. तुम्ही गाडी सुरू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवता, तर ते एका बोटाने फिरतं. डॅशबोर्डवर दिवा नाही, आवाज नाही. नव्या मुलाची इथेच पंचाईत होते. मग तो एक तर "काही नाही, ठीक आहे" म्हणत गाडी परत करतो, नाहीतर अंदाजाने पार्ट बदलायला घेतो. काहीही केलं तरी गिऱ्हाईक परत येतं, आणि दुसऱ्या खेपेला आवाज चढवून येतं.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकल केलेली मुलं शिकायला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे: बिघाड नसताना घेतलेल्या मापावर विश्वास ठेवू नका. ज्या परिस्थितीत स्टिअरिंग जड होतं, ती परिस्थिती उभी करा आणि तेव्हा मोजा.

आधी समोर कुठला प्रकार आहे ते बघा. बोनेटखाली तेलाची बाटली आणि बेल्टवर फिरणारा पंप असेल तर हायड्रॉलिक. तिथली कारणं बहुतेक वेळा डोळ्यांना आणि कानांना सापडतात. गुळगुळीत झालेला बेल्ट पावसात भिजून घसरतो, तेल कमी झालेलं असतं, तेलात हवा शिरून फेस येतो, वळवताना पंप रडतो. खरी डोकेदुखी आहे मोटरवाल्या स्टिअरिंगची, म्हणजे ईपीएसची (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग). १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत ते पहिल्यांदा आलं, मोटर स्टिअरिंग कॉलमवरच बसवलेली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या हॅचबॅकमध्ये हीच मांडणी सापडेल.

काम कसं चालतं ते थोडक्यात. कॉलममध्ये टॉर्शन बार नावाचा बारीक दांडा असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की तो किंचित पिळला जातो, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशोबाने ईसीयू, म्हणजे स्टिअरिंगचा छोटा कॉम्प्युटर, मोटरला करंट देतो. इंजिन चालू आहे का आणि गाडीचा वेग किती, हेही ईसीयूला कळावं लागतं, कारण वेग वाढला की मोटरची मदत कमी करायची असते. म्हणून सगळ्यात जास्त करंट लागतो तो गाडी उभी किंवा रांगत असताना. तेव्हा पूर्ण वळवलं तर मोटर ४० अँपियरच्या घरात जाऊ शकते. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपियर घेतो, यावरून अंदाज करा.

आता गिऱ्हाइकाशी बोलणं. याला कंटाळू नका, निम्मं काम इथेच होतं. कोलशेतकडचे एक काका २०१०च्या आसपासची पेट्रोल हॅचबॅक घेऊन आले होते. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना सगळा कॉलम बदलायला सांगितला होता, बिल पाच आकडी. गाडीची किंमत बघता काका हबकलेले.

"काका, जाम होतं म्हणजे नक्की काय? अडकतं की जड होतं?"

"जड. कुठल्याही बाजूला वळवा, दोन्ही हातांनी ओढावं लागतं."

"दिवा लागतो?"

"लागतो ना, ईपीएस लिहिलेला. गाडी बंद करून परत चालू केली की जातो."

"हायवेला?"

"छे! नाशिकला जाऊन आलो, काही नाही. पण संध्याकाळी माजिवड्यापासून घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पाऊस असला, की हमखास."

हे बोलणं जॉब कार्डवर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. "स्टिअरिंग प्रॉब्लेम" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. काकांच्या बोलण्यातून काय हाती लागलं बघा. दिवा लागतो, म्हणजे ईसीयूने स्वतःच काहीतरी पकडलंय. दोन्ही बाजूंना सारखंच जड, म्हणजे यांत्रिक अडथळ्याची शक्यता कमी. हायवेला होत नाही, कारण तिथे मोटरला फारसा करंट लागतच नाही. संध्याकाळ, पाऊस आणि ट्रॅफिक म्हणजे हेडलाइट, वायपर, एसी, ब्लोअर सगळं चालू, इंजिन आयडलिंगला आणि बोनेटखाली भट्टी. बंद-चालू केल्यावर दिवा जातो, कारण चावी फिरवली की ईसीयू नव्याने तपासणी करतो आणि त्या क्षणी सगळं ठीक असतं. माझा संशय कॉलमवरून उठून करंटच्या वाटेवर आला तो इथे, बोनेट उघडायच्या आधी.

दिवा लागत नसेल आणि तरी जड होत असेल, तर रस्ता वेगळा. सगळ्यात आधी टायरमधली हवा. हसू नका, पुढच्या टायरांत हवा कमी म्हणून कॉलम उघडल्याची उदाहरणं आमच्या गल्लीत आहेत. मग पुढची चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. एका फेरीत दोनदा घट्ट आणि दोनदा हलकं लागलं तर कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांडे कोनात जोडणारा सांधा) गंजलेला असण्याची शक्यता मोठी. खाडीकाठची दमट हवा आणि आपला पावसाळा, दोन्ही त्याच्या मुळावर आलेले असतात. आणि एक प्रकार असा की तो बिघाडच नसतो. नौपाड्याच्या गल्लीत गाडी बसवण्यासाठी पुढे-मागे, पुढे-मागे करत कोणी बराच वेळ स्टिअरिंग टोकापर्यंत वळवत राहिलं, तर मोटर तापते आणि तिला वाचवायला ईसीयू करंट कमी करतो. थोडं थंड झालं की पूर्ववत. गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा आणि गाडी परत द्या.

आता स्कॅनरबद्दल, म्हणजे ईसीयूने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. ईपीएसचे कोड वाचायला त्या कंपनीला चालणारा स्कॅनर लागतो, काही जुन्या गाड्यांत डायग्नोस्टिक कपलरच्या (तपासणीसाठी दिलेल्या वायरींच्या प्लगच्या) दोन पिना जोडून दिव्याची लुकलुक मोजावी लागते. काकांच्या गाडीत सप्लाय व्होल्टेज कमी असल्याचा कोड साठवलेला होता. ईसीयूला व्होल्टेज कमी मिळालं एवढंच तो कोड सांगतो. ते कुठे हरवलं ते शोधायला मीटरच हवा. कोड वाचून पार्ट मागवणारे खूप आहेत, त्यांच्यात सामील होऊ नका.

मीटर लावताना नवी मुलं सरळ ओहमवर टाकतात किंवा बीप वाजते का बघतात. इथे त्याचा उपयोग नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्या. समजा वाटेत कुठेतरी ०.०६ ओहमचा विरोध आहे. साध्या मीटरच्या नुसत्या वायरी एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ दाखवतात, त्यात ०.०६ दिसणार कुठून? बीप तर खुशाल वाजेल. पण त्याच जागेतून ४० अँपियर गेले की ४० गुणिले ०.०६, म्हणजे २.४ व्होल्ट तिथेच खर्च. म्हणून भार टाकायचा, करंट वाहू द्यायचा आणि जोडणीच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं. हा व्होल्टेज ड्रॉप. चांगल्या वाटेवर तो अर्थच्या बाजूला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वाटेवर, ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा.

काकांची गाडी सकाळी थंड असताना मोजली. सगळं छान. अर्थातच. मग बोनेट पाडून अर्धा-पाऊण तास आयडलिंगला ठेवली, एसी फुल, हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू. मीटरच्या वायरी लांब करून खिडकीतून आत घेतल्या. डॅशबोर्डखाली ईपीएसच्या ईसीयूच्या कपलरला मागच्या बाजूने बारीक पिन घातली, वायरचं कव्हर न सोलता. दुसरा मीटर बॅटरीवर. शिकाऊ मुलगा स्टिअरिंग वळवतोय, मी आकडे बघतोय. टोकाला नेऊन पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मोटर तापते. मीटरला मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर ते लावा, क्षणभराची घसरण डोळ्याला दिसत नाही.

बॅटरीवर १२.६, ईसीयूवर ९.८. दिवा लागला आणि मुलाच्या हातात स्टिअरिंग जड झालं. बऱ्याच ईपीएसमध्ये पुरवठा ९-१० व्होल्टच्या खाली गेला की मदत बंद होते. मधले २.८ व्होल्ट शोधायचे होते. अर्थच्या बाजूला ०.२ मिळाले. उरलेले २.६ पॉझिटिव्हच्या वाटेवर. तिथे तुकड्या-तुकड्याने सरकत गेलो आणि बोनेटमधल्या फ्यूज बॉक्सवर आलो. ईपीएसच्या मोठ्या फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये २.४ व्होल्ट!

फ्यूज काढला. शाबूत. बाहेर मोजला तरी शाबूत. पण त्याची एक पाती निळसर-काळी पडलेली, आणि बॉक्समध्ये तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेलं. खालच्या टर्मिनलची पकड ढिली होती. नवा फ्यूज घालून बघितला तर तो काहीही जोर न लावता आत सरकला, तेव्हाच खात्री पटली. ढिली पकड म्हणजे विरोध, विरोधामुळे उष्णता, उष्णतेने टर्मिनल आणखी सैल. ४० अँपियरला त्या एवढ्याशा जागेत ९६ वॅट निर्माण होतात. आपल्या बाकावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

नुसता फ्यूज बदलून भागत नाही हे लक्षात घ्या. पक्कडने टर्मिनल दाबून बसवलं की दोन महिने चालतं, मग गाडी परत दारात. आम्ही जळलेला भाग वायरीसकट कापला, त्याच जाडीची वायर आणि नवं टर्मिनल क्रिंप केलं. प्लास्टिक जास्त वितळलं असेल तर बॉक्सच बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना मिळतो, पण घेताना त्याचीही टर्मिनलं फ्यूज घालून तपासा. नंतर पुन्हा गाडी तापवून, सगळे लोड लावून त्याच दोन जागी मीटर धरला. ०.१. मग काकांना शेजारी बसवून संध्याकाळी घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत जाऊन आलो. बिघाड ज्या रस्त्यावर येतो त्याच रस्त्यावर चाचणी घ्या, गॅरेजच्या दारातल्या चकरेने काही सिद्ध होत नाही.

कॉलमजवळ हात घालायच्या आधी एअरबॅग आहे का बघा. असेल तर तिथल्या पिवळ्या कपलरमध्ये पिन किंवा टेस्ट लॅम्प कधीही घालायचा नाही. कॉलम सोडायचाच झाला तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं. आणि कॉलमवर हातोडा मारायचा नाही, आत टॉर्क सेन्सर आहे.

पैशांचं आधीच बोलून घ्या. या कामात पार्ट किरकोळ आणि वेळ भरपूर, त्यामुळे बिल बघून गिऱ्हाइकाला वाटतं, एका टर्मिनलचे एवढे? गाडी घेतानाच सांगा: तपासणीचे पैसे वेगळे, बिघाड सापडो न सापडो. बिलावर आधीचं आणि नंतरचं माप लिहून द्या, २.४ आणि ०.१. काकांनी ते दोन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले आणि कॉलम बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला दाखवतो म्हणाले. मी म्हटलं, ते राहू द्या, जोराचा पाऊस आला की मला फोन करा. त्यांचा फोन आला तो मात्र जावयाच्या गाडीचा एसी बघता का म्हणून.