सरकारने घाटा भरायला राखीव फंडाला हात लावलाय का, बजटमध्ये कसं बघायचं

बजट आलं की सगळे घाटा किती नि कर्ज किती एवढंच विचारतात, पण घाटा कमी दिसतोय तो खरंच कमी झालाय की बाजूला ठेवलेला पैसा काढून झाकलाय हे कुणी बघतच नाही. ग्वाल्हेरकरांना तरी हे यायला हवं, अख्ख्या मध्य प्रदेश सरकारचा हिशोब इथल्या झाशी रोडवरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या ऑफिसात जुळतो. माझे काका तिथूनच रिटायर झाले, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी ओट्यावर बसून त्यांनीच मला हे शिकवलं.

दोन कागद लागतात, वित्त विभागाच्या साइटवरचं वार्षिक वित्तीय विवरण आणि कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवरचे वित्त लेखे, म्हणजे वर्षाचा पक्का हिशोब. बजटचे भाग तीन, संचित निधी (सरकारची मुख्य तिजोरी), आकस्मिकता निधी (अचानक खर्चासाठी) आणि लोक लेखा (बाजूला किंवा सांभाळायला ठेवलेला पैसा). वाचणारे पहिल्यावरच थांबतात, राखीव फंड मात्र तिसऱ्यात असतात. तिथे ८१२१, ८२२२ आणि ८२३५ हे हेड, म्हणजे खात्यांचे नंबर शोधा. ८१२१ मध्ये व्याजवाले फंड, आपत्तीचा फंडही त्यातच, ८२२२ कर्जफेडीचा सिंकिंग फंड आणि ८२३५ बिनव्याजी. प्रत्येकात जमा किती, निघाले किती ते वहीत लिहा, आणि अंदाजाचे आकडे नको, प्रत्यक्षवालेच घ्या. ते दोन वर्षं जुने असतात, म्हणजे २०२४-२५ च्या बजटमध्ये २०२२-२३ चे मिळतील. सलग तीन वर्षं निघालेले जास्त नि जमा कमी असेल तर फंड आटतोय.

आता खरी गंमत वजा एंट्रीत आहे. २२४५ हेड उघडा, पूर-गारपिटीची मदत. समजा १०० रुपये वाटले आणि खाली फंडातून ६० वजा दाखवले, तर महसुली खर्चात ४०च दिसतात. आपत्तीला हे बरोबरच आहे, तो फंड त्यासाठीच आहे, मध्य प्रदेशात त्यात ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य भरतं. पण मग फंडात पैसे टाकले त्या वर्षी तो खर्च म्हणून दिसलाच पाहिजे. टाकायचा हिस्सा टाकलाच नाही तरी त्या वर्षीचा घाटा कमी दिसतो, आणि कॅग वेगवेगळ्या राज्यांच्या अहवालात हे पुन्हा पुन्हा लिहितं, म्हणून वजासोबत 'फंडात अंतरण', म्हणजे फंडात पैसे टाकल्याची ओळही तपासाच.

काका म्हणायचे, फंडाची शिल्लक बघून खूश होऊ नकोस रे, निवेश, म्हणजे गुंतवणूक बघ. कारण गुंतवलेला नसेल तर तो पैसा वेगळ्या पेटीत नसतो, राज्याच्या रोजच्या कॅशमध्येच मिसळलेला असतो, पगार-पेन्शनला कधीच लागून गेला असेल, आणि गरज पडली की कर्ज काढून किंवा चालू कमाईतून तो उभा करावा लागतो. यासाठी वित्त लेख्यांमध्ये विवरण २२ आहे, राखून ठेवलेल्या फंडांच्या गुंतवणुकीचं. तिथला आकडा शिल्लकेतून वजा करा, उरेल तेवढा पैसा फक्त कागदावर आहे असं धरा.

पहिल्यांदा अख्खी दुपार जाईल. अडलात तर २२४५ पासूनच सुरुवात करा, तिथे वजा एंट्री पटकन सापडते आणि एकदा ती ओळखता आली की बाकीचे हेड सोपे जातात.